आधी तपासणी, मग पाना

आपल्यातील छोटा व्यापारी कोरी गाडी क्वचितच घेतो. कापडाचे गठ्ठे, बेकरीचा माल, सुतारकामाचे सामान किंवा लग्नाच्या जेवणाची भांडी वाहण्यासाठी तो दहा-पंधरा वर्षे चाललेली ओम्नी, व्हॅगन आर किंवा मारुती ८०० शोधतो. अशा गाडीने दीड-दोन लाख किलोमीटर पार केलेले असतात. त्याच्या दृष्टीने ती चैनीची वस्तू नसते, धंद्याचे भांडवल असते. म्हणून इंजिन कुरकुर करू लागले की त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो खर्चाचा.

या प्रश्नाचे उत्तर गॅरेजमध्ये फार लवकर मिळते, आणि तक्रार नेमकी तीच आहे. उस्ताद बोनेट उघडतात, दोनदा रेस देतात, सायलेन्सरकडे नजर टाकतात आणि सांगतात, "सेठ, इंजिन गेलं. बोरिंग करावं लागेल." निकाल पाच मिनिटांत लागतो, पण व्यापाऱ्याची महिना-दोन महिन्यांची कमाई त्यात जाते. निकाल बरोबर असेल तर काही म्हणणे नाही. परंतु इंजिनाची मापे न घेता दिलेला निकाल बरोबर निघाला तरी तो नशिबाने बरोबर निघालेला असतो. शिंपी माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही. मग कापडापेक्षा कितीतरी महाग असलेल्या इंजिनाला माप न घेता पाना का लावावा?

माझे म्हणणे थोडक्यात असे की, बिघाड शोधणे हे गॅरेजचे मुख्य काम आहे. त्याची वेगळी मजुरी उस्तादांनी मागितली पाहिजे आणि गिऱ्हाइकाने ती कुरकुर न करता दिली पाहिजे. तपासणी फुकट आहे तोवर तिची किंमत गरज नसलेल्या सुट्या भागांतून आणि गरज नसलेल्या बोरिंगमधून वसूल होत राहणार.

हा प्रश्न आपल्या घरचा

२००६ साली सच्चर समितीने दिलेल्या अहवालात ज्या व्यवसायांत मुस्लिम कामगारांचे प्रमाण लक्षणीय असल्याचे नमूद केले आहे, त्यांत मोटार वाहनांची विक्री, दुरुस्ती आणि देखभाल हा व्यवसाय आहे. कुर्ल्याचा सीएसटी रोड किंवा पुण्याची नाना पेठ येथे एक फेरी मारली तरी ही गोष्ट लक्षात येते. गाडी दुरुस्त करणारा आपला आणि जुनी गाडी वापरणाराही पुष्कळदा आपलाच. तेव्हा चुकीच्या निदानाचा पैसा एका कारागिराच्या खिशात गेला तरी एका व्यापाऱ्याचे भांडवल तेवढे कमी झाले, आणि पुढच्या वेळी तो व्यापारी त्या गॅरेजची पायरी चढत नाही. असे दहा वेळा झाले की साऱ्या आळीचे नाव खराब होते आणि गिऱ्हाईक कंपनीच्या वर्कशॉपकडे वळते. तेथे पैसे जास्त पडतात, पण हातात छापील कागद मिळतो.

आता तपासणी म्हणजे नेमके काय, ते पाहू. येथे पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांपुरतेच बोलू; डिझेलचे गणित वेगळे आहे.

धूर काय सांगतो

धूर निघतो म्हणजे बोरिंग, ही समजूत सर्वांत महागात पडते. धुराचा रंग पाहावा, आणि रंगाइतकीच त्याची वेळ पाहावी.

निळा धूर म्हणजे ऑईल जळत आहे. परंतु ते वरून उतरते की खालून चढते, हे वेळेवरून कळते. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा झोत निघतो आणि मिनिटा-दोन मिनिटांत धूर साफ होतो, किंवा घाट उतरताना रेस सोडलेली असते आणि पायथ्याशी पुन्हा दाबली की धूर येतो, असे असेल तर पहिला संशय वॉल्व्ह सीलवर घ्यावा. रबराची ही लहान सीले उष्णतेने कडक होतात आणि ऑईल वॉल्व्हच्या दांडीवरून खाली झिरपते. पुष्कळ इंजिनांत सिलिंडरमध्ये हवेचा दाब धरून हेड न उतरवताही ती बदलता येतात. हेड उतरवावे लागले तरी तो खर्च बोरिंगच्या जवळपासही जात नाही. याउलट माल भरून चढावर रेस दाबली असता सतत निळा धूर येत असेल, तर संशय रिंगांवर जातो.

त्याआधीही एक साधी गोष्ट पाहावी. इंजिनाच्या पोटातील वाफ पुन्हा आत ओढून घेणारा पीसीव्ही वॉल्व्ह किंवा त्याची नळी चिकटाने बंद झाली, की पोटात दाब वाढतो. मग ऑईल सीलांतून गळते, इनटेकमध्ये जाते आणि झाकण उघडल्यावर भसाभस वाफ येते. झाकणावर हात धरून "रिंगा गेल्या" असे सांगणारे येथे फसतात. हा वॉल्व्ह काढून साफ करण्यास काही मिनिटे लागतात.

पांढरा धूर दाट असेल, थांबत नसेल आणि रेडिएटरचे पाणी रोज कमी होत असेल, तर हेड पॅकिंग किंवा हेडमधील चीर यांचा विचार करावा. हिवाळ्यात नाशिकसारख्या ठिकाणी सकाळी निघणारी आणि गाडी गरम झाल्यावर नाहीशी होणारी वाफ हा रोग नव्हे. त्याचप्रमाणे पावसाळ्यात दुकान ते गोदाम एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीच्या ऑईलच्या झाकणाला आतून दुधी साय धरते, ती बहुधा दमटपणाची असते. डिपस्टिकवरचे ऑईलच दुधाळ झाले असेल तर मात्र गाडी तेथेच उभी करावी.

काळा धूर म्हणजे पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जात आहे. एअर फिल्टर, कार्बोरेटरचा चोक आणि फ्लोट, किंवा इंजेक्शनच्या गाडीत पाण्याचे तापमान सांगणारा सेन्सर, असा शोध घ्यावा. काळ्या धुरासाठी इंजिन उघडण्याचे कारण सहसा पडत नाही.

तीन आकडे, तीन निकाल

धूर संशय दाखवतो, पुरावा कॉम्प्रेशन गेज देते. इंजिन गरम करावे, सर्व प्लग काढावेत, इग्निशन आणि पेट्रोल बंद करावे, रेस पूर्ण दाबून धरावी आणि बॅटरी भरलेली असताना प्रत्येक सिलिंडरवर सेल्फचे सारखेच फेरे द्यावेत. पेट्रोल इंजिनात साधारण ११ ते १४ किलो प्रति चौरस सेंटिमीटर एवढा दाब मिळतो. नेमका आकडा त्या इंजिनाच्या पुस्तकात असतो. मुंबईचा आकडा पुण्याला तंतोतंत लावू नये. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे आणि तेथे हवा विरळ असल्यामुळे आकडा साधारण सहा टक्क्यांनी कमीच येतो.

एकंदर आकड्यापेक्षा सिलिंडरांमधील फरक महत्त्वाचा. समजा, मारुती ८०० च्या तीन सिलिंडरांत १२, १२ आणि ७ असे आकडे आले. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल घालावे आणि पुन्हा मोजावे. आकडा चांगला वर चढला तर गळती रिंगांतून आहे, कारण ऑईलने ती फट तात्पुरती बंद केली. आकडा जागचा हलला नाही तर गळती वॉल्व्हमधून किंवा हेड पॅकिंगमधून आहे, आणि तेथे बोरिंग करून काहीही साधणार नाही. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले असतील तर त्यांच्यामधील हेड पॅकिंग पाहावे. तिन्ही सारखेच कमी असतील आणि ऑईल घालूनही फारसे वाढत नसतील, तर टायमिंग बेल्ट एखादा दात सरकला आहे काय हे आधी पाहावे. बेल्टच्या चुकीसाठी इंजिन बोअर केल्याची शिक्षा गिऱ्हाइकाला का?

सीएनजी गाडीचे खास दुखणे

आपल्या शहरांतील पुष्कळ जुन्या गाड्यांना मागाहून सीएनजी किट बसवलेले आहे. या गाड्यांत निदानाची एक सोय आयतीच मिळते, पण तिचा उपयोग फार थोडे लोक करतात. गाडी पेट्रोलवर नीट चालते आणि सीएनजीवर मिस करते, तर इग्निशन कमजोर आहे असे आधी समजावे. गॅस पेटवण्यास जास्त जोराची ठिणगी लागते, त्यामुळे झिजलेला प्लग, फुटलेली हाय टेन्शन वायर किंवा थकलेली कॉइल सीएनजीवर आधी उघडी पडते. त्यातून दोष निघाला नाही तर किटचा रिड्यूसर आणि फिल्टर पाहावा. उलट सीएनजीवर ठीक आणि पेट्रोलवर त्रास असेल तर पेट्रोलचा पंप, फिल्टर, इंजेक्टर किंवा कार्बोरेटर पाहावा. दोन्हींवर सारखाच त्रास असेल तरच इंजिनाच्या पोटाकडे वळावे.

दुसरी गोष्ट टॅपेटची. गॅसवर चालणाऱ्या जुन्या इंजिनात वॉल्व्हची बैठक झिजते, वॉल्व्ह आत बसत जातो आणि टॅपेटची फट कमी कमी होते. फट पार संपली की गरम इंजिनात वॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. मग कॉम्प्रेशन पडते, पिकअप जातो आणि पुढे वॉल्व्ह जळतो. टॅपेटचा आवाज नाही म्हणून गिऱ्हाईक खूश असते, पण वॉल्व्ह जाळतो तो हाच आवाज न करणारा घट्ट टॅपेट. ज्या इंजिनात टॅपेट हाताने बसवता येतात, तेथे फिलर गेजने ही फट मोजल्याशिवाय कॉम्प्रेशनवर निकाल देऊच नये. अर्ध्या-पाऊण तासाच्या या कामाने पिकअप परत आला, तर गिऱ्हाईक जन्माचे जोडले जाते.

जुगाडाने वाढणारे रोग

गाडी गरम होते अशी तक्रार आली की थर्मोस्टॅट काढून फेकण्याची आणि पंखा डायरेक्ट करण्याची पद्धत सर्वत्र आहे. दोन दिवस गिऱ्हाईक समाधानी असते. परंतु थर्मोस्टॅट काही उगाच बसवलेला नसतो. पाणी साधारण ८२ ते ८८ अंशांवर गेल्यावर तो उघडतो आणि इंजिनाला योग्य उष्णतेवर ठेवतो. तो काढला की इंजिन नेहमी थंडावलेले राहते. इंजेक्शनच्या गाडीतील कॉम्प्युटरला वाटते की गाडी अजून गरमच झाली नाही, म्हणून तो पेट्रोल जास्त सोडतो. ते जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील ऑईल धुऊन टाकते आणि ऑईल पातळ करते. त्यातून रिंगा झिजतात. म्हणजे आज केलेला जुगाड उद्याचे बोरिंग तयार करतो, आणि मूळ रोग, म्हणजे गाळाने भरलेला रेडिएटर, झिजलेला वॉटर पंप किंवा सैल झालेले रेडिएटरचे झाकण, तसाच राहतो.

थर्मोस्टॅटची परीक्षा अगदी सोपी आहे. भांड्यातील पाण्यात तो दोऱ्याने टांगावा, पाणी तापवावे आणि तो उघडतो की नाही हे डोळ्यांनी पाहावे. उघडत नसेल तर नवा बसवावा. रेडिएटरमध्ये नळाचे पाणी न भरता कूलंट भरावे, कारण अॅल्युमिनियमचे हेड साध्या पाण्याने कुरतडले जाते. झाकण मात्र इंजिन थंड झाल्यावरच उघडावे. घाईने उघडून हात-तोंड भाजून घेणारी मुले थोडी नाहीत.

सेन्सरच्या गाडीतही तेच

२००० सालानंतर कार्बोरेटर मागे पडला आणि २०१० पासून भारत स्टेज ४ च्या नव्या गाड्यांत बिघाडाची नोंद ठेवणारी यंत्रणा आली. त्या गाड्याही आता जुन्या बाजारात आल्या आहेत. स्कॅनर लावला की कोड दिसतो आणि कोडमध्ये ज्याचे नाव आहे तो सेन्सर बदलला जातो. येथेही निदानाशिवाय दुरुस्ती चालू आहे. उदाहरणार्थ, पी ०१७१ हा कोड एवढेच सांगतो की मिश्रणात पेट्रोल कमी पडते. फाटलेली व्हॅक्यूमची नळी, कमजोर पंप, तुंबलेला फिल्टर यांपैकी काहीही कारण असू शकते. ऑक्सिजन सेन्सरने खबर दिली, म्हणून त्यालाच काढून टाकणे म्हणजे आग लागल्याचे सांगणाऱ्यालाच घराबाहेर काढणे. आणखी एक सावधगिरी घ्यावी. कोणता सिलिंडर मिस करतो हे पाहण्यासाठी चालू इंजिनाच्या प्लगची वायर ओढण्याची जुनी सवय या गाड्यांत घातक आहे. कॉइल आणि कॉम्प्युटर खराब होऊ शकतो आणि न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळते. त्याऐवजी एकेका इंजेक्टरचा प्लग सोडवून पाहावे.

मजुरी कोणी द्यावी?

यावर उस्ताद मंडळी म्हणतील की, तपासणीचे पैसे मागितले तर गिऱ्हाईक शेजारच्या गॅरेजात जाईल. काही जाईलही. परंतु मोजलेले आकडे वहीत लिहून, त्याची एक प्रत गिऱ्हाइकाच्या हातात दिली तर बरेच परत येतील, कारण शेजारी त्यांना आकडे मिळणार नाहीत. पुढे काम आपल्याकडेच झाले तर तपासणीची रक्कम बिलातून वजा करावी, असे काही जण सुचवतात. मला ते पटत नाही. तसे केले की काम काढून दाखवण्याचा मोह पुन्हा दारातून आत येतो. तपासणीची मजुरी तपासणीची आणि कामाची मजुरी कामाची, असा हिशोब स्वच्छ ठेवावा. "सेठ, इंजिन ठीक आहे, फक्त टॅपेट बसवले" असे सांगताना उस्तादांचे नुकसान होता कामा नये. दुकानात ठेवलेली गाडी ही अमानत असते, पण अमानत सांभाळणाऱ्याच्या घरीही चूल पेटली पाहिजे.

दुसरा आक्षेप असा की, तीस वर्षे काम केलेल्या उस्तादाचा कान गेजपेक्षा खरा. अनुभवी कानाची किंमत मी कमी करत नाही. कोठे पाहावे हे कान सांगतो आणि निम्मा वेळ वाचवतो. परंतु कानाने ऐकलेले गिऱ्हाइकाला दाखवता येत नाही आणि शागिर्दाला लवकर देताही येत नाही. वहीतील आकडे दोघांनाही दाखवता येतात. उस्तादांचा कान त्यांच्याबरोबर जातो, वही दुकानात राहते. कॉम्प्रेशन गेज, व्हॅक्यूम गेज, फिलर गेज आणि मल्टिमीटर ही सारी साधने काही हजारांत येतात. एका गॅरेजला जड वाटत असेल तर चार गॅरेजांनी मिळून घ्यावीत.

आता गिऱ्हाइकांसाठीही दोन शब्द. "किती होईल?" हा प्रश्न तपासणीच्या आधी विचारू नका, त्याचे उत्तर अंदाजाने द्यावे लागते आणि मग तो अंदाज खरा करून दाखवावा लागतो. धूर केव्हा निघतो, पाणी किती घालावे लागते, त्रास सीएनजीवर होतो की पेट्रोलवर, हे लिहून न्या. ऑईल खाते असे वाटत असेल तर सपाट जागेवर डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत भरा, १,००० किलोमीटर चालवा आणि किती घालावे लागले ते मोजा. दोन-तीनशे मिलिलिटर लागत असेल आणि बाहेर गळती नसेल, तर ऑईल घालत राहून ती गाडी वर्षानुवर्षे धंदा देऊ शकते. बदललेला जुना भाग मागून घ्या. आणि तपासणीची मजुरी उधारीवर ठेवू नका.

बोरिंग केव्हा?

बोरिंग कधीच करू नये, असे माझे म्हणणे नाही. सर्व सिलिंडरांचे कॉम्प्रेशन पडले आहे, ऑईल घातल्यावर ते चढते, भारावर निळा धूर थांबत नाही आणि ऑईल लिटरच्या हिशोबात लागते, असे चारही पुरावे जमले तर इंजिन उघडावे. खालून ठोक्याचा आवाज येत असेल आणि ऑईलचा दाब यांत्रिक गेजवर खरोखरच कमी दिसत असेल, तर बेअरिंगचे कामही धरावे. नुसता लाल दिवा लागला म्हणून नव्हे, कारण दिव्याचा स्विचही बिघडतो. मात्र त्याआधी गाडीची बाजारातील किंमत आणि कामाचा खर्च कागदावर शेजारी शेजारी मांडावा. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, तोही खर्च धरावा. भंगार बाजारातून वापरलेले इंजिन घेणार असाल तर बिल घ्यावे, बसवण्यापूर्वी कॉम्प्रेशन मोजून घ्यावे आणि नवा इंजिन नंबर आरटीओकडे आरसीवर नोंदवून घ्यावा. बिलाशिवाय घेतलेले स्वस्त इंजिन पुढे पोलीस चौकीत फार महाग पडते.

इंजिने बदलतील, कार्बोरेटर गेला तसा एक दिवस पेट्रोलही मागे पडेल. परंतु बॅटरीवर चालणाऱ्या गाडीतही बिघाड आधी शोधावाच लागेल, आणि मोजण्याची सवय ज्याच्या हाताला आहे त्यालाच तेथे काम मिळेल. आपल्या गॅरेजांतील मुलांना ही सवय आज लावली पाहिजे. ज्यांना शक्य असेल त्यांनी मुलांना आयटीआयच्या दोन वर्षांच्या मोटार मेकॅनिक अभ्यासक्रमाला जरूर पाठवावे. ज्यांना शक्य नसेल त्यांनी निदान एक वही आणि एक गेज आणून कामाला सुरुवात करावी.